मास्तरांचं नाव

मास्तरांचं नाव मतदार यादीतून मीच काढायला लावलं. चुकून नव्हे, जाणूनबुजून. नंतर कित्येक महिने हे मी कुणाजवळ बोललो नाही.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. भोर डेपोतून निवृत्त झालेले कंडक्टर. आमच्याकडे एसटीच्या कंडक्टरला मास्तरच म्हणतात. वेल्हे तालुक्यात पासलीच्या बाजूला आमची वाडी, तिथं आमच्या घराला लागून त्यांचं घर. मी पक्षाचा माणूस. वीस वर्षं सभांना माणसं नेली, सतरंज्या उचलल्या, मतदानाच्या चिठ्ठ्या घरोघर वाटल्या. मास्तर कुठल्याच पक्षात नाहीत. कुणी गळ्यात उपरणं घालायला आलं की ते घडी करून परत देत, "थंडी न्हाई बा मला." लोक हसत. त्या हसण्याचाही मला राग येई.

लोक चिठ्ठी माझ्याकडून घेत आणि मत कसं द्यायचं ते विचारायला त्यांच्या ओसरीवर जात. तिथं त्यांनी पुठ्ठ्याचं मतदान यंत्र केलं होतं. चिन्हांच्या जागी मिरची, मुसळ, पाटी अशी चित्रं. म्हाताऱ्यांना ते बटण दाबायला शिकवत. "आवाज येईस्तवर बोट काढायचं न्हाई. आन् कुणाला दिलं ते मलाबी सांगायचं न्हाई."

"मी मिरचीलाच देनार," एक आजी म्हणाली.

"आजे, मिरची उभी न्हाई औंदा."

ओसरी खदखदून हसली. मी माझ्या अंगणात चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन उभा होतो. माझ्या अंगणात असं कुणी कधी हसलं नव्हतं.

तरी एवढं मी सोसलं असतं. पण ग्रामपंचायतीच्या मतदानाला पक्षाचा टेम्पो दारात उभा असताना माझी आई मास्तरांबरोबर चालत निघाली. मतदान व्हायचं ती शाळा दीड मैल खाली.

"आई, टेम्पो हाय की!"

"तुज्या टेम्पोत बसलं की मत तुजं हुतं," ती म्हणाली. "मास्तरासंगं गेलं की माजं ऱ्हातं."

टेम्पोतली माणसं ऐकत होती.

पुढं विधानसभेआधी याद्यांची तपासणी आली. मास्तर तेव्हा लेकीच्या बाळंतपणासाठी दोन महिने भोरला होते, घराला कुलूप. मी त्यांच्या नावावर हरकतीचा अर्ज केला. यादीच्या कामावरच्या, चौकशीला आलेल्या बाईंनी शेजारी म्हणून मलाच विचारलं. मी म्हणालो, "ते कायमचे भोरला गेले." पक्षानं मला हे करायला सांगितलं नव्हतं. मास्तरांचं मत कुणाला जातं, हेही मला ठाऊक नव्हतं. मला फक्त ते त्या रांगेत नको होते.

मतदानाच्या दिवशी मास्तर आईला घेऊन शाळेत आले. आईनं मत दिलं. मास्तरांचं नाव तिथल्या साहेबांनी तीनदा शोधलं, मग ओळखपत्र त्यांच्या हातात परत दिलं. ते बाहेर येऊन व्हरांड्याच्या पायरीवर बसले. एवढ्या वर्षांत त्यांनी एकही मतदान चुकवलं नव्हतं. ड्युटीची अदलाबदल करून यायचे.

"नाव कसं काय कापलं असंल रं?"

"यादीत चुका व्हतात, मास्तर. म्या बघतो."

"तू हायस म्हणून बरं हाय बाबा."

लाज वाटते, पण खरं लिहितो: ते ऐकून मला बरं वाटलं. पहिल्यांदाच त्यांना माझी गरज पडली होती. थोड्या वेळानं ते उठले आणि वरच्या आळीतल्या म्हातारीला आणायला गेले. स्वतःचं मत गेलेलं असताना. ते बघून माझा हेवा कमी व्हायला हवा होता, तो वाढला. वीस वर्षांत मी मोजली होती ती आमची मतं. दुसऱ्याचं मत त्याचं त्याला देता यावं म्हणून मी एक पाऊलही चाललो नव्हतो.

नाव पुन्हा लावायचा अर्ज नेऊन द्यायला मला पुढचा उन्हाळा उजाडला. मास्तरांनी चष्मा लावून तो सावकाश भरला. मग विचारलं, "कापायला कारण काय दिलंवतं, कळलं का?"

"कायमचं गाव सोडलं, असं."

"कुनी सांगितलं?"

आई शेजारी आमच्या दारात तांदूळ निवडत होती. तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात मी म्हणालो, "म्या सांगितलं, मास्तर. खोटं सांगितलं. सगळी तुमच्याकडं येत्यात, माजी आईसुदिक, ते मला बघवत नव्हतं. तुमचं मत म्या घालवलं. मला माफ करा."