बावन्नचा ड्राइव्ह

श्रीगोंद्यात मी ज्या क्लासात कम्प्युटर शिकवायची, त्याच्या मालकाचं तोंड आठवलं की अजून माझं डोकं फिरतं.

दसऱ्याला मेल्याने दारावर तोरण बांधलं. झेंडू, आंब्याची पानं आणि मधेमधे सीड्या. चकाकतात म्हणून! माझ्या ड्रॉवरमधून हाताला लागतील त्या काढल्या आणि सुतळीत ओवल्या. त्यात माझ्या वडलांच्या गाण्यांची सीडीही गेली. वडील भीमजयंतीला वस्तीत गायचे. ते वारले, कॅसेटची फीतही तुटली, आणि त्यांचा आवाज उरला तो या एका सीडीत. तोरणातून ओढून काढली तर मधल्या भोकापाशी बारीक तडा गेलेला.

"आवो म्याडम, दाराला शोभा आली ना!" म्हणाला. शोभा!

तडकलेली सीडी जोरात फिरवली की फुटते, हे मला ठाऊक होतं. क्लासातल्या कम्प्युटरचा सीडी ड्राइव्ह नवा, साध्या वेगाच्या बावन्नपट वाचणारा. वेग चारवर बांधून ठेवणारा एक छोटा प्रोग्राम मी त्यात टाकला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाणी कम्प्युटरवर उतरवून घ्यायला बसले. पहिलं गाणं निम्मंही झालं नव्हतं. तेवढ्यात प्रवेशाची चौकशी करायला आलेल्या पालकांना घेऊन हा आत आला.

"हे काय लावलंय मुंगीच्या चालीनं? बावन्नचा आनलाय म्या, चारवर पळवायला व्हय?"

"सर, हात लावू नका. तडा गेलाय. फुटेल ती."

"काय न्हाई हुत."

मला खांद्याने सारून त्याने चाललेलं काम बंद केलं. उतरलं होतं तेवढं गाणंही गेलं. मग आकडा थेट बावन्नवर नेला आणि पालकांना म्हणाला, "आता बगा!"

ड्राइव्ह घुमायला लागला, टेबल थरथरलं आणि फाट्‌कन आवाज झाला. पालक मागे सरकले. मी स्क्रू काढून झाकण उघडलं, तर आत नुसता चुरा. बोटं कापली, तरी एक न एक तुकडा वेचला मी. हा बाहेर चहा सांगत होता.

संध्याकाळी त्याने एक कोरी सीडी माझ्यापुढे टाकली. "घ्या, नाराज नका हू. वडलांकडनं परत म्हनून घ्या."

माझ्या वडलांच्या मातीला हा माणूस आला होता. माझ्या भावाच्या गळ्यात पडून रडलासुद्धा होता.