बांधावरचं घायपात

आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, गेल्या वर्षी शुगर निघाली तेव्हा कोल्हारजवळच्या आमच्या वस्तीवर कुणाचा विश्वासच बसेना. त्यांची सगळी नोकरी साखर कारखान्यात गेलेली. उसाचा रस आटवून साखर पाडतात त्या पॅनवर ते होते. काचेवर थेंब घेऊन दाणा धरला की नाही, हे नुसतं बघून सांगायचे. त्याच माणसाचा चहा आता बिनसाखरेचा झाला. चार घोट घेऊन ते कप खाली ठेवायचे.

म्हणून उन्हाळ्यात पुण्याहून येताना मी ॲगेव्ह नेक्टरची बाटली आणली. ऑफिसातल्या मैत्रिणी साखरेऐवजी ते वापरायच्या. नैसर्गिक गोडवा, शुगरवाल्यांना चालतो, असं ऐकून होते. आप्पांनी चमच्यावर थेंब घेतला, उजेडाकडे धरला.

"ही तर पातळ काकवी हाय. कशाची?"

मी मोबाईलवर झाडाचा फोटो शोधून दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला आणि ओरडलेच, "अगं बाय, हे तर घायपात!"

आई चुलीपुढून उठून आली. तिनेही फोटो पाहिला आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू कुणीतरी मला फसवलं होतं. आमच्या ओढ्याकडच्या बांधावर घायपाताची रांगच आहे. निळसर, जाड, टोकाला सुईसारखा काटा असलेली पानं. त्याच्या वाखाचे दोर आमच्या आजोबांनी वळले होते. जनावरंसुद्धा त्याला तोंड लावत नाहीत. आणि त्याचा पाक बाटलीत भरून विकतात!

"चालतंय का पर शुगरला?" आप्पांनी विचारलं.

"चालतं आप्पा, नॅचरल आहे."

मग काय, चहात दोन चमचे, लापशीत चार चमचे. कितीतरी महिन्यांनी त्यांनी कप तळापर्यंत रिकामा केला. मला फार बरं वाटलं.

सुट्टी संपत आली होती. एका सकाळी मी अंगणात केस विंचरत होते, तेवढ्यात ओढ्याकडून आप्पांची हाक आली. ती हाक नव्हतीच, किंकाळी होती. मी आणि आई धावलो. आप्पा बांधावर बसले होते. एका घायपाताची मधली पानं त्यांनी कोयत्याने छाटून काढली होती आणि नुकताच वर येऊ लागलेला फुलोऱ्याचा दांडा बुडातून तोडला होता. बाजूला पातेलं ठेवलेलं. शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, आणि मनगटापासून कोपरापर्यंत दोन्ही हात लालबुंद. उडालेला रस मानेवर, गालावर.

"आग पडली गं! आंगात निस्त्या सुया शिरल्यात!"

"आवं, पर कापलंच कशाला?" आई रडवेली झाली.

"पाक काढाय. घरचं आसताना इकत कशाला आनायचं?"

त्यांनी पानाचा रस जिभेला लावूनही पाहिला होता. ओठ सुजायला लागले होते. मी त्यांचे हात पाण्याने धुतले, पण आग कमी होईना. गाडी काढली. आईने निघता निघता ती बाटली पिशवीत टाकली. कुणी काही भलतंच खाल्लं की बाटली डॉक्टरला दाखवायची, एवढं तिला ठाऊक होतं.

राहात्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत हातांवर बारीक फोड आले होते. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी आधी इंजेक्शन दिलं, मग विचारलं, "काय लागलं?"

"घायपात," आई म्हणाली आणि बाटली टेबलावर ठेवली. "आन् हे पेत हुते."

बाईंनी लेबल वाचलं, मग आप्पांचा केसपेपर पाहिला. "शुगर आहे ना आजोबांना? मग हे कुणी दिलं?"

"मी," मी म्हणाले. "नॅचरल आहे ना ते?"

"ऊस काय कारखान्यात उगवतो?" त्या शांतपणे म्हणाल्या. "ही साखरच आहे. रक्तातली साखर हिने एकदम चढत नाही, म्हणून लोकांना वाटतं चालते. पण भार लिव्हरवर पडतो. आणि कच्च्या पानाच्या रसात काचेच्या कुसळासारखे बारीक काटे असतात, ते हे असं करतात."

पंधरवडाभर मी स्वतःच्या हाताने वाढत होते, वर आग्रह करत होते. आप्पा सुजलेल्या ओठांनी पुटपुटले, "म्या पैल्याच दिशी म्हनलं हुतं, काकवी हाय."

मी सुट्टी वाढवली. फोड सुकले, कातडी सोलून निघाली. एका सकाळी आई ओढ्यावरून आली आणि नुसतीच म्हणाली, "चला जरा."

तोडलेल्या दांड्याच्या जागी झाडाच्या गाभ्यात वाटीएवढा खळगा पडला होता आणि दांड्याकडे चढणारा पाण्यासारखा रस साचून तो भरला होता. काठावर मुंग्यांची रांग, वर मधमाशा घोंघावत होत्या. आम्ही तिघंही बघत राहिलो. आप्पांनी हात मागे बांधून घेतले. मी काही म्हणायच्या आत आईने बोट बुडवलं आणि चाटलं.

"आई!"

आप्पांनी तिचा दंड धरला. "थुक! थुक आधी!"

आई थुंकली नाही. आम्ही तिच्या ओठांकडे बघत होतो. सूज नाही, आग नाही.

"गोड हाय," ती म्हणाली. "लई गोड हाय वो."

आप्पांनी एकदा त्या खळग्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "घरी चल, आधी चूळ भर." आणि तिचा दंड न सोडता बांधावरून चालायला लागले.