नेद्याल्काच्या कोंबड्या भिंत खातात

नेद्याल्काला चौकशा करायची खोड जन्मजात. प्लेवेन शहरातल्या ट्रॉलीबसमध्ये कंडक्टर होती, तेव्हाही तिकिटाबरोबर एखादा प्रश्न ती उतारूला चिकटवायचीच: पिशवीत काय, कोणाकडे निघालात, सून बरी वागते का? निवृत्त झाल्यावर ती नवऱ्याच्या, कुंचोच्या गावी, डॅन्यूब नदीकाठी राहायला आली. आयुष्यात पहिल्यांदाच पाच कोंबड्या पाळल्या. आता उतारू कुठले? मग बाई पालथ्या बादलीवर बसून कोंबड्यांनाच न्याहाळायला लागल्या.

शेजारची तोताआजी कुंपणावरून म्हणायची, "कोंबड्या पाळतेस की त्यांच्यावर पाळत ठेवतेस गं?"

कोंबड्या अंडी देत होत्या, पण कवच इतकं पातळ, की उचलायला जावं तर बोट आत! एकदा तर नुसत्या पापुद्र्यातलं अंडं हाताला लागलं, लिबलिबीत. "अगंबाई!" म्हणून नेद्याल्काने ते टाकूनच दिलं.

एरवी तिने हसण्यावारी नेलं असतं. पण ईस्टर तोंडावर आला होता. ईस्टरला लाल रंगवलेल्या अंड्यांची टक्कर लावायची, आणि ज्याचं अंडं शेवटपर्यंत फुटणार नाही त्याला वर्षभर आरोग्य, असं सगळा गाव मानतो. कुंचो या गोष्टीची टिंगल करायचा. हिवाळ्यात त्याच्या हृदयाचं ऑपरेशन झालं आणि त्याची टिंगल बंद झाली. परवा तो उगाच इकडेतिकडे बघत म्हणाला, "यंदा आपल्याच अंड्यांनी खेळायचं ना?"

त्या पापुद्र्याच्या जिवावर याचं वर्ष टांगायचं?

"दुकानातली रंगव. कोण विचारतंय?" तोताआजीने तोड काढली.

"त्याला कळेल. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं होय?"

"मग आधी त्यांना भिजवलेला पाव घालणं बंद कर. पावाने कोंबडी लठ्ठ होते. अंड्यावरच्या कोंबडीचं खाद्य आण, रोज ताजं पाणी ठेव, खुराड्यातला गवताचा पेंढा कोरडा ठेव."

नेद्याल्काने सगळं केलं. अंडी वाढली. कवच होतं तसंच.

मग सणासाठी तिने घराला चुना काढला, तर दुसऱ्याच दिवशी कोंबड्या भिंतीला चोची मारताना दिसल्या. "मेल्यांनो, कालच रंगवलीय!" तिने हाकलल्या, जाळी लावली. त्या मागच्या पावाच्या पडक्या भट्टीकडे गेल्या आणि तिथला जुना गिलावा टोचायला लागल्या. नेद्याल्का काठी हातात धरून तशीच थबकली. खाद्याचं भांडं भरलेलं, अंगणात हिरवं गवत, आणि या भिंत खातात? तीही नेमकी चुन्याचीच?

ती धावत कुंपणाशी गेली. "आजी, अंड्याचं कवच चुन्याचं असतं का गं?"

"मग काय साखरेचं असतं?"

"अगं, मग आधी का नाही सांगितलंस?"

"तू जगभरचं विचारलंस, हे कुठे विचारलंस? आणि ताजा चुना नको हं, चोची भाजतील. अंड्यांची टरफलं चुलीवर वाळवून, कुटून वेगळ्या भांड्यात ठेव. लागेल तेवढं त्या आपल्या आपण घेतात. अख्खी टाकलीस तर स्वतःची अंडी फोडून खायला शिकतील."

पण ईस्टरआधीचे उपास चालू होते. गावात अंडं खात नव्हतं कोणी, टरफलं आणायची कुठून? कुंचो आतून ऐकत होता. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलेलं, आणि हा गडी उंबरठा ओलांडायला कुरकुरायचा. त्याने खुंटीवरची पिशवी काढली.

"नदीवर शिंपले आहेत की ढीगभर. तेही चुन्याचेच ना?"

मग रोजचंच झालं. तो शिंपले आणी, धुऊन, वाळवून हातोडीने कुटी. जवळचे संपले तसा लांब जाऊ लागला. परत येई तेव्हा त्याला चक्क भूक लागलेली असे.

सणाआधीच्या गुरुवारी अंडी रंगवायला उकळली, तर एकालाही तडा नाही. नेद्याल्का चुलीशी उभी राहून रडली.

ईस्टरच्या रविवारी तोताआजीच्या अंगणात टक्कर लागली. "ख्रिस्त उठला!" "खरोखर उठला!" आणि टक्! कुंचोच्या अंड्याने आधी आजीचं फोडलं, मग एकामागून एक सगळ्यांची. उरलं एकच, नेद्याल्काचं.

"आता नवराबायको!" सगळे ओरडले.

नेद्याल्काने अंडं आडवं धरलं, कूस पुढे करून. तिथे ते पटकन फुटतं. कुंचोने ते पाहिलं आणि उचललेला हात खाली घेतला.

"मी नाही मारणार."

"असं कसं?" तोताआजी खवळली. "एकच उरायला हवं! आरोग्य एकालाच मिळतं."

"आजी, हिचं फुटलं तर माझं आरोग्य घेऊन मी काय करू?"

नेद्याल्का त्याच्याकडे बघतच राहिली. तोताआजी हातातलं फुटकं अंडं सोलायला लागली.

"बसा मग," ती पुटपुटली. "पाव कापते."