आजोबांची नोंदणी

पाथर्डीच्या आमच्या घरात पुढच्या खोलीत एक काळी घोंगडी कायम अंथरलेली असे. तिच्यावर कोणी बसायचं नाही, ती आजोबांची. आजोबा माझ्या जन्माआधीच वारले होते. पण त्या रिकाम्या घोंगडीची मला इतकी धास्ती, की केर काढताना मी तिच्याकडे कधी पाठ करत नसे.

माझे वडील वैद्य होते. आम्ही त्यांना दादा म्हणत असू. विद्या आजोबांकडून मिळालेली, म्हणून औषध स्वतःच्या नावानं द्यायचं नाही, अशी घरची रीत. पुडी हातावर ठेवताना दादा घोंगडीकडे बघून म्हणत, "बाबा देतायत." तसं म्हटलं नाही तर हाताचा गुण जातो, अशी त्यांची समजूत. रोगीही म्हाताऱ्या वैद्यांचंच औषध मागत. मेलेल्या माणसाचा धंदा इतका तेजीत चाललेला मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत कायदा आमच्यापर्यंत पोचला. वैद्य-हकिमांनी सरकारात नाव नोंदवायचं. पदवी नसेल तर गावातल्या माणसांनी साक्ष द्यायची, तीही मुदतीच्या आत. नोंद नसताना औषध दिलं तर गुन्हा. दादा पेठेतल्या दोन म्हाताऱ्यांना घेऊन कचेरीत गेले. कारकुनानं विचारलं, "औषध कोण देतं?" दादांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "बाबा देतात." म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. "व्हय सायेब, त्यांचंच औषिद. लई गुन हाय." कारकुनानं बाबांचं नाव विचारलं, दादांनी ते अदबीनं सांगितलं. आपण काय करून आलो, हे तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

दाखला आला तो आजोबांच्या नावाचा. मेलेला माणूस सरकारमान्य वैद्य, आणि जिवंत माणूस कोणीच नाही!

आई म्हणाली, "जावा आन् सांगा, औषिद मी देतो म्हनून. मुदत हाय अजून."

"बाबांना बाजूला सारून स्वतःचं नाव सांगू? उद्या हाताचा गुण गेला म्हणजे?"

तरी ते दोनदा निघाले, आणि कचेरीच्या दारातून परत आले. मुदत गेली. त्यांचा तो भित्रेपणा आठवला की मला अजून संताप येतो, आणि मग रडू येतं.

दादा रोग्यांना सरकारी दवाखान्यात धाडू लागले आणि दिवसभर घोंगडीशेजारी हात बांधून बसू लागले. दुपारच्या वेळी मला औषधाच्या खलाचा आवाज ऐकू येई. जाऊन बघावं तर खल कोरडा, आणि दादाही त्याच्याकडेच बघत असत.

मग आईला ताप भरला. ती बरळू लागली, तेव्हा दादांनी मात्रा उगाळली आणि सवयीनं घोंगडीकडे तोंड केलं. आईनं त्यांचं मनगट धरलं. "मेलेल्या मान्साच्या हातचं मी घेनार न्हाई. तुमी देनार असाल तर द्या."

दादांनी घोंगडीकडे पाठ केली. "मी देतो," ते म्हणाले. हे शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकले.

आईचा ताप उतरला. ती उठून बसली तेव्हा दादा तिच्या पायाशी बसून हमसून हमसून रडले. मला वाटलं, आनंदानं रडतायत. पण ते एवढंच म्हणाले, "गुण माझ्याच हातात होता गं. आणि मुदत गेली."

पुढे चार दिवसांनी एक बाई तापलेलं लेकरू घेऊन दारात आली. "वैद्यबुवा हायेत का?"

दादा जागचे हलले नाहीत. "वैद्य वारले, माय. दवाखान्यात ने त्याला."

त्या दिवसापासून मला घोंगडीची भीती वाटेनाशी झाली. भीती वाटायची ती तिच्याशेजारी बसलेल्या दादांची.