आप्पांची पांढरी दोन

लग्न माझ्या लेकीचं, आणि आठ दिवस घरात भांडण कशावरून, तर सिनेमाच्या एका थीमवरून! सांगायची लाज वाटते.

आप्पा, म्हणजे माझे वडील, लातूरच्या एका बँड पार्टीत उभा जन्म क्लॅरिनेट वाजवत आले. मी ऑर्केस्ट्रातला कीबोर्डवाला. पाठवणीच्या वेळी आप्पा एका जुन्या सिनेमाची थीम वाजवायचे. सिनेमात तिला ढीगभर व्हायोलिनं आहेत; आप्पा एकट्या क्लॅरिनेटवर ती ओढत न्यायचे. लोकांच्या किती पोरी त्यांनी तशा सासरी धाडल्या. आता नातीला धाडायचं, एवढी एकच गोष्ट त्यांनी या लग्नात मागितली होती.

तालमीला बसलो आणि माझं डोकं फिरायला लागलं. मी लय जरा वाढवली की आप्पा वाजवायचं थांबवायचे. "पळून कुठं राहिलास? पोरगी घर सोडून राहिली, बस सुटून न्हाई राहिली." लेक म्हणाली, "आप्पा, लई रडकं वाटतंय हे." तर तिलाही ऐकवलं, "रडकं न्हाई, जड हाय. जड चीज हळूच उचलावी लागती."

बरं बाबा, हळू तर हळू. पण सूर! थीमची पट्टी पांढरी दोन. माझी बोटं बरोबर तिथंच, आणि आप्पांचा सूर रोज अर्धी पट्टी खाली. कान किटले. आप्पा म्हणायचे, "तुझी पेटी चढलीय." मी म्हणायचो, "मशीन हाय ते आप्पा, मशीन चढत नसतं." महिन्यापूर्वी त्यांना नवी कवळी बसवली होती. तिच्यामुळं ओठांची पकड गेली, असं मी ठरवून टाकलं आणि घरातल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. मी क्लॅरिनेटच्या तोंडाची रीड बदलायला लावली, कवळी काढून वाजवायला लावलं. काही उपयोग नाही. शेवटी माझा तोल गेला. "आप्पा, तुम्हाला ऐकू तरी येतंय का?"

आप्पांनी क्लॅरिनेटचे तुकडे एकेक करून पुसले आणि पेटीत ठेवले.

लग्न नांदेडला. सकाळी गाडीत सामान चढवताना क्लॅरिनेटची पेटी दिसेना. विचारलं तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे घरीच. कान गेले असतील माझे. पोरीच्या लग्नात बेसूर नको. तू वाजव." खोटं कशाला बोलू, मला सुटल्यासारखं वाटलं.

दुपारी पाठवणीच्या आधी कार्यालयातला सनईवाला साथीला आला. त्यानं माझा सूर घेतला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"पट्टी कोणती, साहेब?"

"पांढरी दोन."

"न्हाई हो. ही तर अर्धी पट्टी वर, काळी दोन वाजून राहिली."

मी चिडून स्क्रीनकडं बघितलं. कोपऱ्यात बारीक अक्षरात अधिक एक. मागच्या कार्यक्रमात एका गायिकेसाठी अर्धी पट्टी चढवली होती, ती मेमरीत तशीच राहिलेली. आठ दिवस मी चढलो होतो आणि बापाला बेसूर म्हणत होतो. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

बटण दाबून शून्यावर आणलं आणि थीम सुरू केली. हळू, आप्पांच्या लयीत. समोर खुर्चीत काठी घेऊन बसलेले आप्पा पहिल्याच सुराला ताठ झाले. "आता लागली!" एवढ्या मोठ्यानं म्हणाले की सगळे वळून बघायला लागले. "बघ, म्हणलो नव्हतो? कान शाबूत हायत माझे!"

चेहऱ्यावर नुसता आनंद. राग असता तर बरं झालं असतं.

लेक त्यांच्या पाया पडायला वाकली. आप्पांच्या दोन्ही हातांत काठी आडवी होती, आणि तिच्यावर त्यांची बोटं थीम वाजवत होती, एक सूर न चुकवता.