मोत्याचं कातडं

हसायचं असेल तर खुशाल हसा, मला आता राग यायचंही त्राण उरलेलं नाही. पण घरच्या घरी कातडं कमावायचं खूळ कुणाच्या डोक्यात असेल, तर चहा संपेपर्यंत माझं ऐका.

आमच्या अब्बांनी मोत्या नावाचा बोकड दोन वर्षं जिवापाड सांभाळला. काळाभोर, आणि पाठीवर भाकरीएवढा पांढरा ठिपका. बकरी ईदला त्याची कुर्बानी दिली. अब्बा दिवसभर रिकाम्या दाव्यापाशी बसून. शेवटी म्हणाले, "गफूर, त्येचं कातडं टाकू नगं. मला नमाजाला बसाय कर. पाठीवरनं हात तरी फिरवीन."

आता सांगा, नाही कसं म्हणणार? कळंबच्या तात्यांचा जन्म कातडी कमावण्यात गेलेला. त्यांना फोन लावला.

"तात्या, कातडं कमवायचं कसं?"

"सोपं हाय की! आठ दिस चुन्याच्या पान्यात, मंग वीस दिस बाभळीच्या सालीत."

कशासाठी हवंय, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी शहाण्यानं सांगितलं नाही.

गच्चीवर पिंप मांडलं. वास काय विचारता! शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या. आमच्या बायकोनं, शमानं, माझं ताट जिन्यात ठेवायला सुरुवात केली.

पाचव्या दिवशी केस हातात यायला लागले. मी घाबरलो.

"तात्या, केस सुटाय लागलं!"

"झ्याक! काम बेस चाललंय."

आठव्या दिवशी पुन्हा फोन. "तात्या, निम्मं केस गेलं!"

"निम्मंच? खरवडा की जोरात!"

शमा जिन्यातून ओरडली, "अवं, अब्बांना केसावरनं हात फिरवायचाय न्हवं?"

"तात्यांपेक्षा तुला जास्त कळतंय व्हय?" मी म्हटलं, आणि टकलावर ऊन घेत दुपारभर खरवडत बसलो. उरलेले वीस दिवस बाभळीची साल कुटली, पाणी बदललं. कंबर गेली, हात लाल झाले, झोपेतही तोच वास. पण कातडं असं गुळगुळीत झालं म्हणता!

"तात्या, झालं बघा! एक केस शिल्लक न्हाय!"

"शाब्बास! आता चपला शिवा, कशा टिकत्यात बघा!"

"चपला कुठल्या? अब्बांना केसाळ बसकर पायजे!"

मग तात्या हळूच म्हणाले, "आरं द्येवा! मंग चुना कशाला घातलासा? त्येला निस्तं मीठ आन् तुरटी लावत्यात. ह्ये आदी बोलाय काय झालतं?"

काय झालं होतं? तेच तर मला आजवर कळलेलं नाही.

अब्बांपुढं कातडं अंथरलं. ते बराच वेळ हात फिरवत राहिले, पांढरा ठिपका शोधत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"केस कुठं गेलं रं?"

"गटारात, अब्बा."

अब्बांनी कातड्याकडं पाहिलं. मग माझ्या डोक्याकडं पाहिलं. पुन्हा कातड्याकडं.

"ह्या तात्यांचं तू लई वर्सांपास्नं ऐकतुयास जनू."