काचेखालची ब्रेल पाटी

मोशीच्या थांब्यावर तो रोज माझ्याआधी हजर असायचा. दोन्ही डोळ्यांनी अंध, चाकणच्या एका कंपनीत पॅकिंगला. मदत म्हणून कुणी दंड धरून ओढलं, की तो हळूच हात सोडवून घ्यायचा आणि त्या माणसाचं कोपर धरायचा. "असं न्यायचं असतं, भाऊ." मलाही त्यानंच शिकवलं.

एकदा तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. अंधांच्या एका संस्थेला पांढरी काठी घेऊन चालायला शिकवणारं माणूस हवं होतं, तिथं मुलाखत होती. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "काय झालं?"

"तिथले संचालक कंपनीतून रिटायर झालेले साहेब हायेत. दारावर ब्रेलची पाटी हाय, पन वरून काच! हात लागून खराब हुती म्हनले."

"आणि नोकरी?"

"साहेबांच्या पुतणीला दिली. अंधांना सांभाळायला डोळस माणूस लागतं म्हनं. मी निघताना ती मलाच इचारत हुती, काठी किती लांब घ्यायची."

माझं डोकंच फिरलं. इथं लेथवर उभं राहायला आयटीआयचा दाखला मागतात, आणि अंधांना शिकवायला नुसते दोन डोळे पुरतात?

"मला परत बोलिवलंय की, राव. वर्धापनदिनाला. शाल देनार हायेत."

तेवढ्यात बस आली. रागाच्या भरात मी त्याचा दंड धरला आणि दाराकडं ओढलं.

त्यानं हळूच हात सोडवून घेतला.